पुरानंतरची अंगणवाडी

पैनगंगा ही आमच्या मुलखातील सीमेची नदी होय. तिच्या उत्तरेस यवतमाळ जिल्हा, दक्षिणेस आदिलाबाद. राज्ये दोन, सरकारी भाषाही दोन. परंतु दोन्ही तीरांवरील जमीन तीच काळी, पीक तेच कापसाचे, आणि बेला, जैनद या मंडळांतील कितीतरी घरांत चुलीपाशी बोलली जाते ती मराठीच. नदीला मात्र राज्याची सीमा ठाऊक नाही. ती चढते तेव्हा दोन्ही तीरांवर सारखीच चढते. २०२२ च्या जुलैत आमच्या जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातील नद्या एकदम फुगल्या, आणि पुढल्याच वर्षी, २०२३ च्या जुलैत, डोलारा येथील पुलापाशी पैनगंगा एवढी वाढली की नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरील वाहतूक थांबवावी लागली.

अशाच एका पुरानंतर तिसऱ्या दिवशी आम्ही नदीकाठच्या एका गावी गेलो होतो. घरे पाहिली, पडलेल्या भिंती पाहिल्या, गाळाखाली दडपलेली कपाशी पाहिली. परत निघताना नाल्याकडेच्या एका खोलीशी पाय थांबले. ती गावची अंगणवाडी. भिंतीवर पाण्याची रेघ माणसाच्या छातीपर्यंत उमटली होती. दाराशी दोरी बांधून तेथील बाई भिजलेली दप्तरे, लसीकरणाच्या नोंदी आणि मुलांच्या वजनाचे तक्ते कपड्यांसारखे वाळत घालीत होत्या. (तेलंगणात या बाईंना 'टीचर' म्हणतात, पलीकडच्या तीरावर त्याच 'सेविका' किंवा 'ताई' होतात.) आतल्या तांदळाच्या पोत्याला कोंब फुटले होते. वजनकाट्याच्या तबकात चिखल. आम्ही काही विचारण्यापूर्वीच शेजारच्या ओट्यावरील एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "फादरजी, घराचा पंचनामा झाला, बैलाचा झाला. ह्या खोलीचा कोन करन? हे कोनाचीच नोहे."

ते वाक्य आमच्या मनातून गेले नाही. घराला मालक असतो, शेताला सातबारा किंवा पट्टा असतो, बैलाला दावणीचा धनी असतो. सर्वांच्या मालकीची वस्तू आपत्तीच्या वेळी बेवारस ठरते. आणि त्या खोलीवर ज्यांचा खरा हक्क ती तीन-चार वर्षांची पोरे तलाठ्यापुढे किंवा तहसीलदारापुढे अर्ज घेऊन जात नाहीत.

वाचकहो, त्या एका खोलीत काय चालते ते आपणांपैकी पुष्कळांस माहीत आहे; पण माहीत असलेले कधी कधी दिसेनासे होते, म्हणून थोडे सांगतो. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी सुरू झाली. तेव्हापासून सहा वर्षांखालील मुलांस पूरक आहार, तीन ते सहा वर्षांच्या मुलांस शाळेपूर्वीचे शिक्षण, लसीकरण, वजनाची नोंद आणि गरोदर व अंगावर पाजणाऱ्या मातांची काळजी ही सारी कामे एका छपराखाली आली. तेलंगणात २०१५ पासून या मातांस तेथे एक वेळचे पूर्ण जेवण, एक अंडे व २०० मिलिलिटर दूध देण्याची 'आरोग्य लक्ष्मी' योजना सुरू झाली. म्हणजे ही खोली वाहून गेली की केवळ पाटीपेन्सिल जात नाही. गावातील दोन जिवांच्या बाईचे दुपारचे पोटभर जेवण जाते. अर्धे वर्ष जपून वाढविलेल्या पोराच्या वजनाचा तक्ता जातो, आणि तो तक्ता गेला म्हणजे कोणते मूल खालावत आहे हे सांगणारा साक्षीदारच गेला.

पूर ओसरल्यावरचे पंधरा-वीस दिवस तर मुलांस फार वाईट. विहिरी व हातपंप गढूळ होतात, हगवण सुरू होते, आणि ती सर्वांआधी लहानग्यांस गाठते. याच दिवसांत बापास पंचनाम्यासाठी कचेरीच्या खेपा घालाव्या लागतात व आईस दुबार पेरणीसाठी शेतावर जावे लागते. मग धाकट्यास सांभाळावयास थोरली मुलगी शाळेतून काढली जाते. ही गोष्ट आमच्या धर्मग्रामातही आम्ही पाहिली आहे. दुसरीतिसरीतली पोर कडेवर भाऊ घेऊन दिवसभर उंबऱ्यात बसलेली असते, आणि अंगणात पुराने केलेला, पाण्याने भरलेला खड्डा असतो. अंगणवाडी उघडी असती तर ही दोन्ही मुले आपापल्या जागी असती.

आमच्या या भागाला पाण्याने शिकवलेला एक जुना धडा आहे. कडेम नदीवरील धरण बांधून होते न होते तोच १९५८ च्या ऑगस्टात पाणी त्याच्या माथ्यावरून गेले आणि बांध फुटला. पुढे ते पुन्हा बांधले तेव्हा पाण्यास बाहेर पडावयास अधिक मोठी वाट ठेवावी लागली. तरीसुद्धा २०२२ च्या जुलैतील त्या रात्री सुमारे ५ लाख क्युसेक पाणी त्याच्यावर आले, अठरा दरवाजांपैकी एक उघडेना, आणि खालच्या गावांतील लोकांस झोपेतून उठवून हलवावे लागले. धरण टिकले, त्या रात्रीची आठवण अजून त्या बाजूचे लोक हात जोडून सांगतात. त्याच पुरात मंचेरियल येथे गोदावरीकाठच्या माता-शिशु रुग्णालयात पाणी शिरले आणि बाळंतिणी व नवजात बालके यांस दुसरीकडे न्यावे लागले. इमारत नवी होती, बांधणीही चांगली असेल. जागा मात्र नदीची होती.

जागेची ही गोष्ट अंगणवाडीस तर विशेष लागू आहे. आमचा अनुभव असा की गावात समाजमंदिरास जागा मिळते, देवळास मिळते, चर्चलाही भाविक चांगली जागा देतात. पण अंगणवाडीचा प्रश्न आला की जी जमीन कोणाच्याच कामाची नाही ती पुढे केली जाते. नाल्याचा काठ, उकिरड्याची कड, पावसाळ्यात डबके साचणारा खोलगट तुकडा. फुकट मिळते म्हणून पंचायत आनंदाने ती घेते. पूर आला म्हणजे सर्वांत आधी तीच खोली बुडते, आणि आपण म्हणतो की निसर्गाने घात केला.

पूर आणि भूकंप या दोन निराळ्या आपत्ती आहेत. तथापि पडलेले गाव पुन्हा कसे उभारावे याचा मराठी मुलखातील सर्वांत मोठा दाखला किल्लारीचा आहे आणि तो येथे विचारात घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांतील माणसे दमून झोपली होती. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धरणी हादरली. दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती आणि त्यांवर फूट-दीड फूट मातीचा थर दिलेली माळवदे. उन्हाळ्यात गारवा देणारी ती घरे निजलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे गेली. भूकंपाने मारले असे म्हणतात. खरे पाहता बहुतेकांस भिंतींनी व माळवदाच्या मातीने मारले.

पुढे जागतिक बँकेच्या कर्जातून मोठी योजना झाली. सर्वाधिक उद्ध्वस्त अशी ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली, व इतर शेकडो गावांत घरांची दुरुस्ती व मजबुती करण्यात आली. नव्या गावांत घरांबरोबर शाळा, पंचायत, अंगणवाडी अशा इमारतीही उठल्या. त्या इमारती मजबूत होत्या, याविषयी शंका नाही. परंतु नवी गावे सरळ रेषेत, रुंद रस्त्यांची आणि ऐसपैस आखली गेली. जुन्या गावात गल्लीतून पाच घरे ओलांडली की जे हाताशी असे ते आता दूर गेले. कागदावर अर्धा फर्लांग म्हणजे काहीच नाही. तीन वर्षांच्या पावलांनी, ज्येष्ठाच्या उन्हात किंवा श्रावणाच्या चिखलात, तो अर्धा फर्लांग चालून पाहावा. नकाशा काढणाऱ्याने अंगणवाडीची जागा ठरविण्यापूर्वी आपल्या नातवाचा हात धरून तेवढे अंतर एकदा चालावे, असे आम्हांस वाटते.

त्याच योजनेत आणखी एक गोष्ट घडली, आणि आमच्या मते तीच अधिक मोलाची. दुरुस्तीच्या कामात गावोगावी बायकांस पुढे आणण्यात आले. 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेने त्यास हातभार लावला. 'संवाद सहायक' म्हणून नेमलेल्या या बायका घरमालकास समजावीत, सळई कोठे घालावयाची ते पाहत, गवंड्याने सिमेंटमध्ये वाळू जास्त कालविली तर विचारीत. ज्यांनी पूर्वी ग्रामसभेत डोक्यावरचा पदर सरकू दिला नव्हता त्या इंजिनियराशी बोलू लागल्या. घरे झाली तरी त्यांचे मंडळ मोडले नाही. पुढे गावचे पाणी, दवाखाना, अंगणवाडी यांवर त्याच लक्ष ठेवू लागल्या. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमध्ये भूकंप झाला तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या अशा बायका तेथे गेल्या, आणि ज्यांची घरे पडली होती त्या गुजराती बायकांस त्यांनी आपली हकीकत सांगितली. एकीची भाषा दुसरीस धड येत नसेल. पण पडलेल्या घरापाशी बसलेल्या बाईस दुसऱ्या पडलेल्या घराची बाई काय सांगते हे कळावयास फारशी भाषा लागत नसावी.

किल्लारीच्या मुलांविषयीही दोन शब्द. भारतीय जैन संघटनेने त्या भागातील सुमारे १२०० मुलांस पुण्यास नेऊन त्यांच्या शिक्षणाचा भार उचलला. नळदुर्गजवळ राष्ट्र सेवा दलाच्या मंडळींनी पन्नालाल सुराणा यांच्या पुढाकाराने 'आपलं घर' उभारले. ही दोन्ही कार्ये थोर होत. परंतु ती शाळेच्या वयाच्या किंवा ज्यांचे कोणीच उरले नाही अशा मुलांसाठी. अगदी लहान मूल, ज्याची आजी आहे, आत्या आहे, ओळखीची गल्ली आहे, त्यास आपत्तीनंतर गावातून उचलणे आम्हांस बरे वाटत नाही. आम्हां धर्मगुरूंस व धर्मभगिनींस वसतिगृह काढण्याची हौस थोडी अधिक असते, हे आम्ही मोकळेपणाने कबूल करतो. कोठे आपत्ती आली की आमच्याही मनात पहिला विचार येतो तो खाटा किती लागतील हाच. त्यापेक्षा त्या गावातच, त्या आजीच्या हाकेच्या अंतरावर, एक स्वच्छ खोली व एक ओळखीची बाई मिळवून देणे हे अधिक कठीण आणि अधिक उपकारक काम आहे.

आता, इमारत होईपर्यंत काय करावे? येथे आपल्या भाषेतील दोन बायांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ठाणे जिल्ह्यात (आता तो भाग पालघरात गेला) बोर्डी येथे १९४५ च्या सुमारास ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. गोरगरिबांच्या वस्तीतील मुले बालवाडीत येईनात. तेव्हा मुले येत नाहीत म्हणून रागावण्याऐवजी या बायांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, तेव्हा गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांसाठी शाळा कुरणात नेली आणि तिला नाव मिळाले 'कुरणशाळा'. पुढे सरकारने देशभर जे नाव उचलले ते मूळचे असे आपल्या मराठी अंगणातले आहे. त्या नावात भिंत नाही, छप्परही नाही. ज्या गावी आम्ही चिखलाने भरलेली खोली पाहिली तेथेही खोली साफ होण्याची वाट न पाहता टीचरबाईंनी पाचव्या दिवशी मारुतीच्या पारावर मुले जमविली होती. पाऊस आला की सारी शेजारच्या ओसरीत. गोंड वस्तीतील दोन मुले प्रथम पारावर चढेनात, कारण बाई तेलुगू बोलत आणि शेजारची मुले मराठी. मग बाईंनी त्यांच्या थोरल्या बहिणीस जवळ बसविले व तिच्या तोंडून गोंडीतून गोष्ट सांगितली. (या जिल्ह्यात हे अगदी नवे नव्हे. १९४३ मध्ये हायमेनडॉर्फ या अभ्यासकाने मारलवाई येथे गोंड मुलांच्या शिक्षणाची योजना सुरू केली, तेव्हा गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत छापली होती.)

पारावर शिक्षण काय होणार, असे कोणी विचारील. फारसे नाही. परंतु पूर पाहिलेले मूल ढग गडगडला की आईस बिलगते, रात्री दचकून उठते, बोलके असले तरी गप्प होते. त्यास पहिले औषध म्हणजे ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, ठरलेले माणूस भेटणे. त्याच्या जोडीला बाईंपाशी एक कागदी फीत होती. दंडाभोवती ती गुंडाळली की घेर कळतो: साडेअकरा सेंटिमीटरहून कमी भरला तर तांबडा रंग, म्हणजे मूल अत्यंत कुपोषित, त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावयाचे, साडेअकरा ते साडेबारा पिवळा, त्यावर हिरवा. वजनकाटा चिखलात गेला होता, तक्ते भिजले होते, पण बोटभर रुंदीच्या त्या फितीने पाराखाली सारी मुले मोजून झाली. दोन तांबड्यात निघाली. आमच्या जीपमधून ती आम्ही आदिलाबादला नेली.

पक्क्या इमारतीचे शास्त्र मात्र पारावर सुटत नाही. आमची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हाताएवढ्या भेगा पाडते. तिच्यावर उथळ पाया घातला तर पूर न येताही तिसऱ्या वर्षी भिंत तडकते. पाया काळी माती ओलांडून खाली मुरमापर्यंत गेला पाहिजे, आणि जोत्याखाली उकरलेली काळी माती परत न भरता मुरूमच भरला पाहिजे. ठेकेदार तीच माती परत लोटतो, कारण मुरूम आणावयास ट्रॅक्टर लागतो. जोते किती उंच, हे गावातील म्हाताऱ्यांस विचारावे. पुराची सर्वांत वरची रेघ कोणत्या झाडावर होती हे त्यांस पक्के आठवते. धान्याची कोठी जोत्याच्याही वर, ओट्यावर असावी. दप्तरांसाठी भिंतीत उंच फळी असावी. नियमाप्रमाणे इमारत निदान ६०० चौरस फुटांची हवी, निराळे स्वयंपाकघर, कोठी व मुलांना झेपेल असे शौचालय हवे. दार बाहेर उघडणारे असावे. आत उघडणारे दार गाळ साचला म्हणजे उघडत नाही, हे त्या खोलीत आम्ही डोळ्यांनी पाहिले, कडीकोयंडा उखडूनच आत जावे लागले होते.

पैशाची बाजूही सांगतो, कारण 'पैसाच नाही' हे उत्तर फार लवकर दिले जाते. पूर्वी एका अंगणवाडीच्या इमारतीस ७ लाख रुपये धरले जात. २०२२ च्या केंद्राच्या नियमांत ती रक्कम १२ लाख झाली: ८ लाख रोजगार हमीतून, २ लाख वित्त आयोगाच्या अनुदानातून, उरलेले २ लाख महिला व बालविकास खात्याच्या योजनेतून. तीन खिशांतून पैसा यावयाचा म्हणजे तीन कचेऱ्यांच्या सह्या आल्या, आणि एक सही अडली की उरलेल्या दोन वाट पाहत बसतात. पंचायतीने ठराव वेळेवर केला, जागेचा कागद स्वच्छ असला, तर पुष्कळशी अडचण दूर होते. जागेचा कागद हाच बहुधा अडतो.

त्या गावीही तसेच झाले. पुरानंतरच्या ग्रामसभेत आम्हांस बोलावले होते म्हणून गेलो. नवी अंगणवाडी जुन्याच जागी व्हावी असे बरेच जण म्हणाले, कारण ती जागा सरकारी, वाद नाही. टीचरबाई उभ्या राहिल्या. त्यांनी भाषण केले नाही. भिंतीवरील पाण्याच्या रेघेपाशी त्यांनी अंगणवाडीतील एका चार वर्षांच्या मुलास उभे केले होते, त्याची उंची खडूने भिंतीवर मांडली होती, आणि सर्वांनी बाहेर येऊन ती पाहावी एवढेच त्या म्हणाल्या. मुलाच्या उंचीची खूण पाण्याच्या रेघेच्या हातभर खाली होती.

सभा पुष्कळ वेळ गप्प होती. मग शाळेच्या मागचा उंचवटा कोणी तरी सुचविला. त्यातील अर्धा गुंठा एका भाविक कुटुंबाच्या वहिवाटीत आहे, तेथे त्यांचे कडब्याचे खळे असते. घरचे कर्ते गृहस्थ त्या दिवशी काही बोलले नाहीत. आम्हीही त्यांस चर्चमध्ये किंवा घरी एक शब्द बोललो नाही, कारण धर्मगुरूने जमीन मागितली की तीस आज्ञेचे स्वरूप येते. पुढल्या आठवड्यात त्यांच्या पत्नी टीचरबाईंकडे गेल्या आणि विचारू लागल्या की खळे कोपऱ्यात सरकविले तर चालेल काय, व मुलांचा गलबला गुरांना बाधणार नाही ना.

मोजणी झाली आहे. मुरमापर्यंत खणावयास सहा फूट जावे लागले.